सलाईनच्या खोक्यावरचं कार्ड

नर्सच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. ड्यूटी संपली की पांढरी साडी बदलता येते, पण वॉर्डात पाहिलेलं-ऐकलेलं काही बदलून ठेवता येत नाही. मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आता मी नांदेडला असते, विष्णुपुरीच्या रस्त्याला. रझिया मूळची उदगीरची, पण लेकाच्या नोकरीपायी तीही इकडंच आली. आम्ही दोघी चहाला बसलो की सुना, नातवंडं, शेजारच्या बाया गोळा होतात आणि फर्माईश एकच, "ते कार्डाचं सांगा!"

कार्डाचं म्हणजे काही एक किस्सा नाही. एकाला धरून दुसरा येतो. म्हणून आधी माणसं सांगते, मग कुणाचा गोंधळ नको. मी विमल सोनकांबळे, माहेर हदगावकडचं. ट्रेनिंग नांदेडला, आणि पहिली ऑर्डर निघाली ती लातूरकडच्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. तिथं रझिया माझ्याबरोबरची. तिच्या हातात कला होती, रांगोळीपासून पेशंटच्या प्लास्टरवर फुलं काढण्यापर्यंत! आमच्या इन्चार्ज मुळे सिस्टर. कडक बाई. त्या वॉर्डात शिरल्या की खोकणारे पेशंटसुद्धा खोकला दाबायचे. आणि आया होती गंगामावशी, तिच्या तोंडाला कधीच प्लास्टर बसलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नव्हता.

*

नवा जिल्हा झाला म्हणून दवाखान्याचा बोर्ड रंगवायला पेंटर आला. शिडी लावली, ब्रश काढले आणि म्हणाला, "एक बादली पानी द्या, बोर्ड धुवावा लागंल."

गंगामावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बोर्ड धुवायला पानी? हितं पेशंटच्या जखमा धुवाया पानी न्हाई! जुन्या जिल्ह्यावरच नवा जिल्हा वढ!"

पेंटरनं खरंच तसं केलं. त्यामुळं आमच्या बोर्डावर कितीतरी दिवस 'लातूर'च्या खालून जुन्या जिल्ह्याची अक्षरं डोकावत होती. एका म्हाताऱ्यानं तर दारात थांबून विचारलं, "सिस्टर, ह्या दवाखान्याला कोणता जिल्हा लागू हाय?"

गंगामावशी म्हणाली, "जिल्हा कोणता बी असू दे बाबा, पानी घरून आन."

*

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी दोन बैलगाड्या दारात येऊन थांबल्या. गावाचं खरं नाव सांगत नाही. वडगाव म्हणू, वडगावं कैक असतात. गाड्यांत बाया, लेकरं, दोन म्हातारी माणसं. सगळ्यांना उलट्या आणि जुलाब. डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. सगळी बौद्ध वस्तीतली. एका लेकराची नाडीच सापडेना! सात-आठ वर्षांची पोर, शोभा नावाची. तिची आई पार्वतीबाई पोरीला छातीशी धरून एकच बोलत होती, "बघा की ओ बाई, बघा की."

सलाईनच्या बाटल्या होत्या, स्टँड मात्र दोनच. मग ज्याचा पेशंट त्यानं बाटली हातात धरून उभं राहायचं. पार्वतीबाईला स्वतःलाच उभं राहता येईना. तेवढ्यात दारातून एक तरुण बाई आत आली. साधी सुती साडी, पायांत धुळीनं भरलेली चप्पल. मुळे सिस्टरांनी वरही न बघता तिच्या हातात बाटली दिली.

"धर! वर धर! हात खाली आला तर रक्त उलटं चढंल, समजलं?"

बाई बाटली धरून उभी राहिली. हात अवघडला की दुसऱ्या हातात घ्यायची. मध्येच हात जरा खाली आला, तर मुळे सिस्टर ओरडल्या, "ए बाई! लक्ष कुठंय तुझं?"

तास झाला असेल. शोभानं डोळे उघडून पाणी मागितलं. तेवढ्यात तहसीलदार धावतपळत वॉर्डात शिरले. घामाघूम. बाईला बघून जागच्या जागी ताठ झाले. "मॅडम! आपण इथं? आम्ही ऑफिसात वाट बघून राहिलो!"

ती आमच्या भागाची नवी प्रांत होती, तहसीलदारांचीही साहेब! रझियानं हातातला ट्रे खाली ठेवला. मुळे सिस्टर वळल्या, प्रांतबाईंच्या हातातली बाटली बघितली, आत किती थेंब पडतायत ते मोजलं आणि म्हणाल्या, "बाटली बरोबर धरलीय त्यांनी."

माफी? नाव नको! पण प्रांतबाई हसल्या, आणि संपूर्ण बाटली उतरेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

*

मग त्या पार्वतीबाईजवळ खाली फरशीवरच बसल्या. मराठी शिकून आलेली बाई ती, पुस्तकातल्यासारखं बोलायची. "तुम्ही पाणी कुठलं प्यायलात?"

"नदीतल्या डबक्यातलं."

"गावात विहीर नाही?"

"हाय की. पानी बी हाय." पार्वतीबाई एवढंच बोलली. आणखी काही सांगायची गरज नव्हती. मला तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मला वडगावला जायची ऑर्डर मिळाली. विहिरीत टीसीएल पावडर टाकायची, जंतू मारायला. मी पोचले तर विहिरीवर सगळं गाव जमलेलं. एका बाजूला प्रांतबाई आणि एक पोलीस, एका बाजूला गावचे पुढारी अण्णा आणि त्यांची माणसं, आणि लांब बाभळीखाली पार्वतीबाई घागर घेऊन उभी. पोर दवाखान्यात आणि ही इथं, रात्रभराच्या सलाईननं उभी राहिलेली! प्रांतबाईंनी बोलावलं म्हणून घाबरत घाबरतच आली असणार.

मी पावडर कालवली, विहिरीत सोडली. अण्णांच्या वाड्यातून पितळी तांब्या आला, वर झाकण, खाली ताटली. "मॅडम, ऊन लई हाय. पानी घ्या."

"पाणी घेते," प्रांतबाई म्हणाल्या. "पण पार्वतीबाईंच्या घागरीतलं. पार्वतीबाई, या. शेंदा पाणी."

कुणी हललं नाही. पार्वतीबाई तर नाहीच नाही. प्रांतबाईंनी स्वतः जाऊन तिला हाताला धरून आणलं. दोर विहिरीत गेला, घागर वर आली. पार्वतीबाईचे हात एवढे कापत होते की निम्मं पाणी काठावर सांडलं. प्रांतबाईंनी तिच्यापुढं ओंजळ धरली. "वरून ओता."

आणि मी ओरडले, "मॅडम, थांबा! आत्ताच पावडर टाकलीय! अर्धा तास प्यायचं नाही!"

सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. पण खरं तेच होतं, अर्धा तास थांबावंच लागतं! प्रांतबाई म्हणाल्या, "ठीक आहे. थांबू."

तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. ऊन मी म्हणत होतं. कुणी घरी गेलं नाही. अण्णांच्या माणसांतला एक जण काठीनं माती उकरत होता, तेवढाच आवाज. पार्वतीबाई घागर कडेवर धरून उभी, खाली ठेवायला तयार नाही. खाली ठेवली तर कुणी लाथ मारील, असं तिला वाटत असणार. घड्याळ फक्त माझ्या एप्रनला होतं. सगळं गाव माझ्या छातीकडं बघत होतं आणि मी काट्याकडं! मध्येच अण्णांनी विचारलं, "किती ऱ्हायली, सिस्टर?"

"बारा मिनिटं," मी म्हणाले.

अर्धा तास झाला. प्रांतबाईंनी पुन्हा ओंजळ धरली. पार्वतीबाईनं वरून धार सोडली. त्या प्यायल्या, तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सिस्टर, पावडर जरा जास्त झाली आहे!"

मला हसू यायला हवं होतं. पण माझी आई लहानपणी अशीच ओंजळ धरून खाली बसायची आणि वरून दुसरं कुणी ओतायचं. वडलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून तिनं ओंजळ धरली नाही. इथं ओतणारा हात पार्वतीबाईचा होता. मी पावडरीचा डबा बंद केला. झाकण नीट बसलंय का, ते दोन-तीनदा बघितलं.

*

महिना-दीड महिन्यातच प्रांतबाईंच्या बदलीची ऑर्डर आली. का आली ते कुणी बोललं नाही, कळलं सगळ्यांना. निरोपाचा कार्यक्रम कुणी ठेवेना. रझिया म्हणाली, "विमल, अपन एक कार्ड बनाते ना."

बाजारात रंग मिळायचे नाहीत, आणि घेताना कुणी बघितलं तर विचारणा. मग आम्ही दवाखान्यातच सामान शोधलं. सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. टेंपरेचर चार्टची मागची कोरी बाजू त्यावर खळीनं चिकटवली. रंग ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरचे! जखमेला लावायचं लाल औषध, तोंड आल्यावर लावायचं जांभळं, भाजल्यावरचं पिवळं, आणि लॅबमध्ये तपासणीच्या काचा रंगवायचं निळं. कातडीच्या रंगाला टिंक्चर आयोडीन. काडीला कापूस गुंडाळला की झाला ब्रश.

दुपारी पेशंट झोपले की रझिया लिननच्या खोलीत बसून रंगवायची आणि मी दारात पहारा. तिनं एवढंच काढलं. वर ओतणारा हात, त्यावर गोंदण आणि हिरव्या बांगड्या. खाली ओंजळ. मधे पाण्याची धार.

तिसऱ्या दिवशी मुळे सिस्टर अचानक आत आल्या. मी दारात उभी असूनही मला काही करता आलं नाही. त्यांच्या हातात रिकामी बाटली होती. "जांभळं औषध कुठं गेलं? वॉर्डात एकाचंही तोंड आलेलं नाही!"

रझियानं घाबरून चित्र तसंच पुढं केलं. मुळे सिस्टरांनी चष्मा चढवला. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी मनात आमच्या दोघींच्या बदल्या कुठं होतील ते मोजत होते. किनवटच्या जंगलात, नाहीतर त्याच्याही पलीकडं!

"वर कुणाचा हात आहे?"

"पार्वतीबाईचा," मी म्हणाले.

"आणि खाली बाईंचा." त्यांनी कार्ड जवळ घेतलं. "पण बाई तर गोरी आहे. दोघींचे हात एकाच रंगाचे कसे?"

रझिया म्हणाली, "आयोडीनकी बाटली एकच है, सिस्टर."

मुळे सिस्टरांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "जांभळं कमी वापरा," आणि निघून गेल्या.

*

चित्र झालं, आता सह्या. तिथं सगळं अडलं. आधी सही कुणी करायची? पहिलं नाव ज्याचं, त्याच्यावर ठपका. कंपाउंडर म्हणाला, "मी सातवी करतो." गंगामावशी म्हणाली, "सातवी करायला आधी सहा बाया लागतील की रं!"

शेवटी रझियानं युक्ती काढली. चित्राभोवती गोल आखायचा आणि गोलावर सह्या करायच्या. गोलात पहिलं कोण, शेवटचं कोण, ते कुणाला कळणार? दहा सह्या झाल्या. गंगामावशी साक्षरतेच्या वर्गात नाव लिहायला शिकली होती, तिनं 'गंगा' एवढं मोठं लिहिलं की शेजारच्याला सही आखडून करावी लागली. फक्त मुळे सिस्टरांनी सही केली नव्हती, आणि त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

कार्ड वाळत घातलं होतं मुळे सिस्टरांच्या टेबलावर, चार्टांच्या गठ्ठ्यावर, कारण पंखा तिथंच होता. आणि नेमका त्याच वेळी अण्णांचा पुतण्या वॉर्डात आला. तिशीचा बाप्या, पांढरे कपडे, पायांत करकर वाजणाऱ्या चपला. सरळ टेबलापाशी.

"सिस्टर, कानावर आलंय की हितं प्रांतबाईसाठी काही तरी करून राहिलेत. सत्कार-बित्कार." त्यानं टेबलावर हात टेकला. कार्डापासून चार बोटं. "बदल्या काय फक्त प्रांताच्याच होतात असं न्हाई. कुनाकुनाची नावं हायत ते..."

त्याची नजर खाली जायला लागली. रझियानं डोळे मिटले.

मुळे सिस्टर उठल्या, त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अंग तापलंय की तुमचं! तोंड उघडा!"

त्यानं 'आ' केला तो बहुतेक आश्चर्यानं. सिस्टरांनी थर्मामीटर जिभेखाली सरकवलं. "मिटा. बोलायचं नाही. काच फुटली तर पारा पोटात जाईल. मान वर. छताकडं बघा."

आणि हो, तो बघायला लागला की छताकडं! एवढा धिप्पाड माणूस, तोंडात काच धरून पुतळ्यासारखा उभा. सिस्टरांनी दुसऱ्या हातानं कार्ड उचललं, चार्टांच्या मधे घातलं, गठ्ठा माझ्याकडं दिला. "सोनकांबळे, हे चार्ट कपाटात. कुलूप लावा." मग सावकाश थर्मामीटर काढलं, उजेडाकडं धरून वाचलं. "नॉर्मल आहे. काही झालेलं नाही तुम्हाला. घरी जा!"

तो गेला. काय विचारायला आला होता, ते दारातून बाहेर पडल्यावर त्याला आठवलं असेल.

मुळे सिस्टरांनी कार्ड परत मागवलं. खुर्चीवर बसून पेन उघडलं. गोलावर नाही, खाली मधोमध, स्वतंत्र ओळीत पूर्ण नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट, आणि त्याखाली 'इन्चार्ज सिस्टर'.

"मी गोलात सही करत नसते," त्या म्हणाल्या.

*

प्रांतबाईंनी चार्ज दिला त्या दुपारी मी आणि रझिया कार्ड घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांच्या खुर्चीत नवे साहेब बसलेले. बाई बाहेर व्हरांड्यात, शेजारी एक ट्रंक. ऑफिसातले लोक खिडक्यांतून बघत होते, बाहेर मात्र कुणी येत नव्हतं.

मी कार्ड दिलं. त्यांनी सगळी नावं हळू आवाजात वाचली, एकेक करून. वाचून झाल्यावर विचारलं, "पार्वतीबाईंची सही कुठे आहे?"

आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि माझ्या तरी यायला पाहिजे होतं.

"हात तर त्यांचाच आहे ना?" त्या उठल्या. "चला."

जीपवाला खाली बघून म्हणाला, "मॅडम, जीप आता नव्या सायबाकडं चढली." बाई म्हणाल्या, "एसटी जाते ना तिकडे?" ट्रंक शिपायापाशी ठेवून आम्ही तिघी एसटीत बसलो. पोलीस नाही, पट्टेवाला नाही. रझियानं माझा हात जो धरला तो वडगाव येईपर्यंत सोडला नाही.

एसटी पाराजवळ थांबली. पारावर अण्णा, पुतण्या, आठ-दहा माणसं. मागं प्रांतबाई आल्या तेव्हा सगळा पार उठून उभा राहिला होता. आज एकही जण उठला नाही.

अण्णा बसूनच म्हणाले, "काय बाई, चार्ज गेला म्हनं तुमचा?"

"हो."

"मंग आता कशापायी?"

"एका कागदावर पार्वतीबाईंची सही राहिली आहे."

आता मात्र सगळा पार उठला! "कसला कागद?" पुतण्या खाली उतरला. "शिवाशिवीची, पीसीआरची केस टाकून राहिल्या का बाई?" प्रांतबाई उत्तर न देता वस्तीच्या वाटेला लागल्या. त्यांच्या मागं आम्ही दोघी, आमच्या मागं सगळा पार. पुतण्याच्या चपला माझ्या टाचेमागंच वाजत होत्या. रझिया पुटपुटली, "विमल, वापसीकी बस कितनेकी है?" मी म्हणाले, "पाचची." त्याला अजून दोन तास होते.

पार्वतीबाई घरासमोर चुलीपाशी भाकरी थापत होती. उंबऱ्यावर शोभा, अजून हडकलेली, पण जितीजागती! खुंटीला विहिरीचा दोर टांगलेला होता, ओला. एवढी माणसं बघून पार्वतीबाई उभी राहिली, हात पिठानं भरलेले.

प्रांतबाई खाली बसल्या. कार्ड तिच्या पुढ्यात ठेवलं. "हे दवाखान्यातल्या बायकांनी केलं आहे. यावर तुमचीही सही हवी."

पार्वतीबाईनं पदराला हात पुसून कार्ड उचललं. कुंपणापाशी अण्णा माना उंच करणाऱ्यांत सगळ्यांत पुढं. "वाचून दावा आधी, काय लिवलंय ते!" कुणीतरी ओरडलं. कुणी वाचून दाखवलं नाही.

"हे माजं गोंदन," पार्वतीबाई म्हणाली. आयोडीननं रंगवलेल्या हातावर तिनं स्वतःचा हात ठेवून बघितला. मग चित्र बघता बघता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. रझियानं ओंजळीखाली तीन-चार निळे थेंब काढले होते, निसटून खाली चाललेले. चित्राला शोभा यावी म्हणून.

"कुनी काढलंय?"

"मी," रझिया घाबरत म्हणाली.

"बाय, पानी सांडून राहिलंय की!"

प्रांतबाई हळूच म्हणाल्या, "सही येत नसेल तर अंगठा चालेल."

पार्वतीबाई चुलीकडं वळली. तिथं पातेलं उपडं घातलेलं होतं, त्याच्या बुडाच्या काजळीवर तिनं अंगठा घासला. कार्ड मांडीवर सरळ धरलं. गोलावर जागा होती, मुळे सिस्टरांच्या नावाशेजारी जागा होती. तिनं तिकडं बघितलंही नाही. चित्रातल्या त्या थेंबांच्या बरोबर खाली तिनं अंगठा टेकवला आणि दाबून धरला.

अंगठा उचलला. गोल, काळा, घागरीच्या तोंडासारखा काठोकाठ उमटला होता.

मग ती कार्ड घेऊन उठली, कुंपणापर्यंत गेली, सगळ्यांना दिसेल असं अण्णांच्या समोर धरलं आणि म्हणाली,

"आता न्हाई सांडत."